रावणाचे गाव आणि पडद्यावरचे रामायण

दिल्लीच्या पूर्वेस, यमुनेपलीकडे, उत्तर प्रदेशाच्या हद्दीत १९७६ साली नोएडा या औद्योगिक नगराची स्थापना झाली. पुढे येथील सेक्टर १६-अ मध्ये 'फिल्म सिटी' उभी राहिली आणि चित्रीकरणगृहे, दूरचित्रवाणी वाहिन्यांची कार्यालये तेथे आली. देशभरातील घराघरांत रोज पोहोचणारी दृश्ये येथून प्रक्षेपित होतात. याच गौतम बुद्ध नगर जिल्ह्यात, ग्रेटर नोएडाच्या परिसरात, बिसरख नावाचे एक जुने गाव आहे. नव्या निवासी इमारतींनी ते आता जवळजवळ वेढले गेले आहे. हे गाव रावणाचे जन्मस्थान आहे, अशी तेथील लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे.

पुराणकथा लोकरंजनाच्या साधनांत शिरते तेव्हा तिचे काय होते, हा प्रश्न अभ्यासू पाहणाऱ्यास यापेक्षा बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

बिसरखची कथा

रावण हा पुलस्त्य ऋषींचा नातू आणि विश्रव्याचा पुत्र, हा वंशवृत्तान्त वाल्मीकिरामायणाच्या उत्तरकांडात आला आहे. बिसरखचे ग्रामस्थ आपल्या गावाच्या नावाची व्युत्पत्ती याच विश्रव्याच्या नावावरून लावतात. गावातील शिवमंदिरात एक अष्टकोनी लिंग आहे आणि विश्रव्याने व रावणाने त्याचीच उपासना केली, असे सांगतात. व्युत्पत्तिशास्त्राच्या कसोटीवर हे कितपत टिकेल, हा भाग निराळा. लोकसाहित्याच्या अभ्यासकास महत्त्वाचे वाटते ते हे की, या कथेने गावाचा आचार ठरवून दिला आहे. विजयादशमीस अवघ्या उत्तर भारतात रावणाचे पुतळे जळत असतात. बिसरखमध्ये परंपरेने पुतळा जाळला जात नाही आणि रामलीलाही होत नाही. पूर्वी कोणीतरी तसा प्रयत्न केला असता गावात अनिष्ट घडले, अशी आठवण सांगितली जाते.

येथे रावण हा खलपुरुष नसून गावचा पुत्र आहे. याचा अर्थ ग्रामस्थ रामाचे विरोधक आहेत असा मात्र नव्हे. 'आपल्या घरच्या माणसाची चिता आपण आनंदाने पेटवावी कशी?' अशी ही साधी कौटुंबिक भावना आहे.

एक कथा, अनेक गावे

बिसरख एकटे नाही. मध्य प्रदेशातील मंदसौर हे मंदोदरीचे माहेर मानले जाते. त्यामुळे तेथील खानपुरा भागात रावण हा जावई ठरतो आणि त्याच्या मूर्तीपुढे स्त्रिया घुंघट घेतात. महाराष्ट्रात अकोला जिल्ह्यातील सांगोळा येथे काळ्या पाषाणाच्या दशमुखी रावणमूर्तीची पूजा होते. अहमदनगर जिल्ह्याच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) पाथर्डी तालुक्यातील नांदूर निंबादैत्य या गावाचे तर ग्रामदैवतच एक दैत्य आहे. निंबादैत्य रामभक्त होता आणि त्याचे मारुतीशी वैर जडले, अशी तेथील कथा. म्हणून या गावात मारुतीचे देऊळ नाही, मुलाचे नाव मारुती ठेवीत नाहीत आणि त्या नावाची मोटारगाडी घेण्याचेही लोक टाळतात. पुराणकालीन वैराची आठवण आधुनिक कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या वाहनापर्यंत येऊन पोहोचली आहे!

लोकरंगभूमीवरही असाच अनुभव येतो. कोकणातील दशावतारात आणि नमन-खेळ्यांत येणारा काळ्या वेषाचा संकासुर हा असुर खरा, परंतु प्रेक्षक त्याला हसतात, घाबरतात, आणि त्याच्याकडे नवसही बोलतात. ठाणे, पालघर व नाशिक भागांतील आदिवासींच्या बोहाड्यात देवांच्या मुखवट्यांबरोबर रावणाचा मुखवटाही त्याच मानाने नाचविला जातो. लोकमानसाने देव आणि दैत्य यांच्यामध्ये अभेद्य भिंत कधी उभी केली नाही, हेच यावरून ध्यानात येते.

छापील चित्रापासून चलच्चित्रापर्यंत

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. कथेला तिच्या गावापासून अलग करून सर्व देशासाठी एकच रूप देण्याची प्रक्रिया दूरचित्रवाणीने सुरू केलेली नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला आणि त्यातून निघालेल्या रंगीत चित्रांनी लक्ष्मी, सरस्वती, राम-सीता यांना ठराविक चेहरे व वस्त्रे दिली. पूर्वी प्रत्येक देवळातील मूर्ती वेगळी होती. आता एकाच चौकटीतील देवता कोल्हापुरातही दिसू लागली आणि काशीतही.

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. १९१७ च्या 'लंकादहन' या त्यांच्या चित्रपटात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या. मूकपटाला भाषेचे बंधन नव्हते. प्रेक्षकांना कथा आधीच ठाऊक होती. या दोन गोष्टींमुळे पौराणिक चित्रपट प्रांताच्या सीमा सहज ओलांडू शकला.

मुलांच्या वाचनात हेच कार्य 'अमर चित्र कथा' या मालेने केले. १९६७ साली दिल्लीच्या दूरदर्शनवरील एका प्रश्नमंजूषेत ग्रीक पुराणांची माहिती असलेल्या मुलांना रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही आणि ते पाहून आपल्याला ही कल्पना सुचली, असे मालेचे संपादक अनंत पै सांगत असत. पुढे या मालेत चारशेहून अधिक पुस्तके निघाली. ज्या नागर मुलांना आजीकडून कथा ऐकण्याचा योग उरला नव्हता, त्यांना तिने आधार दिला, हे निर्विवाद आहे. परंतु आजीची कथा रोज थोडी बदलत असे. मुलाने प्रश्न विचारला की ती थांबे आणि गावचा डोंगर किंवा गावची नदी कथेत आणून बसवी. छापील कथेला ही सोय नव्हती.

दूरचित्रवाणीचे रामायण

रामानंद सागर यांची 'रामायण' ही मालिका २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर दाखविली गेली. तिचे चित्रीकरण महाराष्ट्राच्या सीमेलगत, गुजरातमधील उंबरगाव येथे झाले. त्या वेळी देशात दूरचित्रवाणीची एकच शासकीय संस्था होती. त्यामुळे एका वेळी, एका भाषेत, एका रूपात ही कथा असंख्य लोकांनी पाहिली. असे पूर्वी घडले नव्हते.

मालिकेच्या कर्त्यांनी वाल्मीकी, तुलसीदास, कंबन अशा अनेकांचा आधार घेतला होता. तरीही पडद्यावर आले ते एकच संकलित रामायण, आणि पुष्कळांच्या मनात तेच 'मूळ' रामायण ठरले. लक्ष्मणरेषेचे उदाहरण घ्या. वाल्मीकींच्या अरण्यकांडात ती नाही. तुलसीदासांच्या 'रामचरितमानसा'तही हरणाच्या प्रसंगी ती येत नाही. पुढे लंकाकांडात मंदोदरीच्या बोलण्यात तिचा ओझरता उल्लेख होतो, एवढेच. आज मात्र लक्ष्मणरेषेवाचून सीताहरण कोणाच्या कल्पनेतही येत नाही.

प्रेक्षकांचा अधिकार

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, लोकरंजनाची साधने बोलतात आणि लोक निमूटपणे ऐकतात. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. रामाच्या राज्याभिषेकाने मालिका संपणार असे दिसताच, १९८८ साली उत्तर भारतातील काही शहरांत वाल्मीकी समाजाच्या सफाई कामगारांनी संप पुकारला. ज्या ऋषींचे नाव आपण धारण करतो, त्यांच्या आश्रमातील लव-कुशांची कथा दाखविलीच पाहिजे, ही त्यांची मागणी होती. उत्तरकांडावरील मालिका त्यानंतर प्रक्षेपित झाली.

उलट्या दिशेचे उदाहरण १९७५ च्या 'जय संतोषी माँ' या चित्रपटाचे आहे. प्राचीन पुराणांत या देवतेचा उल्लेख आढळत नाही. उत्तर भारतात तिचे शुक्रवारचे व्रत चित्रपटापूर्वीही होत असे, पण चित्रपटामुळे ते देशभर पसरले आणि महाराष्ट्रातील असंख्य घरांत गूळ-चण्यांचा नैवेद्य व आंबट न खाण्याचा नेम सुरू झाला. लोकश्रद्धेतून चित्रपट निघाला आणि चित्रपटातून पुन्हा लोकश्रद्धा जन्मली.

धोका कोठे आहे?

तेव्हा चित्रपट वा मालिका कथा सांगते, यात दोष नाही. कथा नव्याने सांगितली जाते म्हणूनच ती जगते. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणले, तेही नवेच रूप होते. धोका आहे तो एका रूपाने इतरांना खोटे ठरविण्यात. ए. के. रामानुजन यांनी १९८७ साली रामकथेच्या शेकडो रूपांविषयी लिहिलेला प्रसिद्ध निबंध दिल्ली विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून २०११ साली वगळण्यात आला. बिसरखमध्ये बसविण्यासाठी घडविलेली रावणाची मूर्ती २०१६ साली काही लोकांनी फोडली. विद्वानाचा निबंध आणि खेड्यातील मूर्ती यांत वरवर काही साम्य नाही. परंतु रामकथा एकाहून अधिक प्रकारे सांगता येते, एवढेच दोन्हींचे म्हणणे होते.

गावोगावच्या या कथा आजवर टिकल्या, कारण त्या आचाराशी बांधलेल्या होत्या. पुतळा न जाळणे, नाव न ठेवणे, मुखवटा नाचविणे हे ज्या गावात चालू असते, तेथे त्याचे कारण मुलाला सांगावेच लागते. आचार सुटला की कथेचा आधारही सुटतो. शहर गावाला गिळते, शेजारी नवे येतात, आणि 'तुमच्याकडे रावण का जाळत नाहीत?' या प्रश्नाचे उत्तर देणारी वृद्ध माणसे कमी होत जातात.

महाराष्ट्रात दुर्गा भागवत, सरोजिनी बाबर, रा. चिं. ढेरे यांनी अशा सामग्रीचे संकलन व विवेचन करून मोठी वाट घालून दिली आहे. ते काम केवळ विद्वानांचे नाही. शिक्षक, ग्रंथपाल आणि जिज्ञासू वाचक यांनी आपल्या गावची कथा, ती सांगणाऱ्याच्याच शब्दांत, कोणत्या दिवशी व कोणत्या निमित्ताने सांगितली जाते याच्या नोंदीसह लिहून ठेवावी. छापील पोथीशी किंवा पडद्यावरील प्रसंगाशी ती जुळत नाही म्हणून तिच्यात दुरुस्ती करू नये. ती जेथे जुळत नाही, तेथेच त्या गावाने स्वतःचे काही सांगितलेले असते.