चित्रकथा शिकविणारीं पुस्तकें : तीं कशीं निवडावीं?

गतवर्षीं सहामाही परीक्षेच्या सुमारास इयत्ता नववींतील एका विद्यार्थ्याची भूमितीची वही आम्हीं वर्गांत काढून घेतली. वहीच्या पुढल्या भागांत प्रमेयें होतीं. मागल्या भागांत मात्र बारा पानें चौकटी आंखून एक कथा चित्रित केली होती. शिक्षा म्हणून ती वही आठ दिवस आमच्या मेजाच्या खणांत राहिली. मुलगा ती परत नेण्यास आला तेव्हां उपदेशाचे दोन शब्द सांगून आम्ही म्हणालों, "चित्रकथाच काढावयाच्या असतील तर त्या नीट शिकून काढ." त्यावर त्यानें अगदीं नम्रपणें विचारलें, "सर, कोणत्या पुस्तकांतून शिकूं?"

या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. अधिक चौकशी केली तेव्हां असें कळलें कीं, खाऊचे पैसे सांठवून त्यानें एक पुस्तक विकत घेतलेंहि होतें. त्यांत पहिल्या पायरीस एक वर्तुळ, दुसऱ्या पायरीस त्यावर दोन रेघा, आणि तिसऱ्या पायरीस केसांच्या बटांसह पूर्ण झालेला सुंदर चेहरा! मधल्या वाटेचा पत्ताच नाहीं. तसा चेहरा आपणांस साधत नाहीं, अर्थात् आपल्या अंगीं ही कलाच नाहीं, असा निष्कर्ष त्या बिचाऱ्यानें काढला होता. आम्हीं काढून घेतलेली कथा त्यानें शेवटची म्हणून काढली होती.

मिळालेलें द्रव्य जमिनींत पुरून ठेवणाऱ्या सेवकाचा दृष्टांत आम्ही मुलांस दरवर्षीं सांगतों. येथें तर तें पुरण्यास आमचाच हात लागत होता. म्हणून त्या दिवाळीच्या सुटीपासून या विषयावरील पुस्तकें आम्हीं मिळवून वाचलीं. त्या वाचनाचें सार विद्यार्थी व पालक यांच्यापुढें ठेवीत आहों.

ही विद्या कशाची?

चांगलें पुस्तक ओळखावयाचें तर प्रथम ही विद्या कशाची आहे हें समजलें पाहिजे. एक उदाहरण घेऊं. पहिल्या चौकटींत गच्चीवर जुन्या लुगड्यावर पापड वाळत घातले आहेत आणि राखण करणारी मुलगी काठी मांडीवर ठेवून पेंगत आहे. दुसऱ्या चौकटींत लुगडें रिकामें आहे आणि कठड्यावर एक कावळा बसला आहे. पापड कोणी नेले हें कोणत्याहि चौकटींत काढलेलें नाहीं. तरी वाचकानें तें पाहिलें. कोठें पाहिलें? दोन चौकटींमध्यें जी मोकळी पट्टी असते, तिच्यांत. काय दाखवावें, काय गाळावें, आणि गाळलेलें वाचकाच्या मनांत कसें उभें करावें, हीच चित्रकथेची मुख्य विद्या होय. डोळे व हात रेखीव काढतां येणें ही त्या विद्येची मदतनीस आहे, मालकीण नव्हे. आमच्या विद्यार्थ्याच्या पुस्तकानें त्याची गांठ केवळ मदतनिसाशीं घालून दिली, आणि तीहि धड नाहीं.

एक शाळामास्तर

या कलेवर लिहिणाऱ्या पहिल्या मंडळींत एक शाळामास्तरच होता, ही गोष्ट आम्हांस विशेष आनंदाची वाटते. स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा येथील रोडोल्फ टॉपफर (१७९९-१८४६) हा एका चित्रकाराचा मुलगा. दृष्टि अधू असल्यामुळें त्यास वडिलांचा धंदा करतां आला नाहीं. त्यानें मुलांची निवासी शाळा चालविली, आणि फावल्या वेळीं विनोदी चित्रकथा काढल्या. त्यांचीं हस्तलिखितें पाहून जर्मन महाकवि गटे यानेंहि त्यांची वाखाणणी केली होती. इ. स. १८४५ मध्यें टॉपफरनें चेहऱ्यावरील भावांविषयीं एक छोटा ग्रंथ लिहिला. त्याचें म्हणणें असें कीं, चेहरा कितीहि वेडावांकडा काढा, त्यावर कांहींना कांहीं भाव उमटतोच. म्हणून पुष्कळ चेहरे काढावे, ओठाची वा भुवईची एकच रेघ बदलावी, आणि भाव कसा पालटतो तें पाहावें. कथा सांगण्यास एवढें भांडवल आरंभीं पुरतें. ज्यास रेखीव चेहरा साधत नाहीं त्यानें हें अवश्य लक्षांत ठेवावें.

वाचण्याजोगीं पांच पुस्तकें

पुढील पुस्तकें इंग्रजींत आहेत; परंतु त्यांत चित्रें भरपूर असल्यामुळें वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांस शब्दकोश जवळ ठेवून तीं समजतील.

पहिलें, स्कॉट मॅक्लाउड यांचें 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स' (१९९३). हें पुस्तक स्वतःच चित्रकथेच्या रूपांत आहे. लेखक चित्रांतील पात्र होऊन आपणांशीं बोलतो. एका चौकटींतून दुसऱ्या चौकटींत जाण्याचे सहा प्रकार त्यानें सांगितले आहेत: क्षणांतून क्षणाकडे, कृतींतून कृतीकडे, एका विषयांतून दुसऱ्याकडे, एका प्रसंगांतून दुसऱ्याकडे, एकाच स्थळाच्या एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडे, आणि सहावा, ज्यांत दोन चित्रांचा परस्परसंबंधच नाहीं असा. हे सहा प्रकार समजले म्हणजे वाचलेली प्रत्येक चित्रकथा नवीन दिसूं लागते. त्याच लेखकाचें 'मेकिंग कॉमिक्स' (२००६) हें पुढचें पाऊल असून त्यांत प्रकरणांच्या शेवटीं अभ्यासहि दिले आहेत.

दुसरें, विल आयस्नर यांचें 'कॉमिक्स अँड सिक्वेन्शल आर्ट' (१९८५). आयस्नर हे न्यूयॉर्कमधील एका कलाशाळेंत शिकवीत. त्या अध्यापनांतून हें पुस्तक तयार झालें. पात्राच्या उभें राहण्यांतून, वांकण्यांतून, हातांच्या हालचालींतून त्याचें मन कसें प्रगट होतें, आणि चौकटीची लांबी कमीअधिक केल्यानें काळ कसा लांबतो वा आंखडतो, हें त्यांत फार उत्तम सांगितलें आहे.

तिसरें, जेसिका एबल व मॅट मॅडन या दांपत्याचें 'ड्रॉइंग वर्ड्स अँड रायटिंग पिक्चर्स' (२००८). यांत पंधरा पाठ असून प्रत्येकास गृहपाठ आहे. एकट्यानें शिकणाऱ्यानें काय करावें आणि चारपांच मित्रांनीं मिळून काय करावें याची निराळी सोय केलेली आहे. आपल्या शाळेंत एखादें मंडळ काढावयाचें झाल्यास आम्ही हेंच पुस्तक घेऊं.

चौथें, लिंडा बॅरी यांचें 'मेकिंग कॉमिक्स' (२०१९). "मला चित्र येत नाहीं" असें म्हणून ज्यांनीं बाळपणींच पेन्सिल खालीं ठेविली त्यांच्यासाठीं हें आहे. मॅक्लाउड यांच्या पुस्तकाचेंहि नांव हेंच असल्यामुळें मागवितांना लेखकाचें नांव अवश्य पाहावें. या बाईंच्या 'सिलॅबस' (२०१४) या पुस्तकांत रोजनिशीचा एक सोपा पाठ आहे: आज काय केलें, काय पाहिलें, काय ऐकलें हें थोडक्यांत लिहावें आणि पाहिलेल्या एका गोष्टीचें झटपट चित्र काढावें. यास पांचसात मिनिटें पुरतात आणि खर्च फक्त एका वहीचा.

पांचवें, स्टॅन ली व जॉन ब्यूसेमा यांचें 'हाउ टु ड्रॉ कॉमिक्स द मार्व्हल वे' (१९७८). साध्या ठोकळ्यांपासून मनुष्याकृति कशी उभी करावी, दूरचें व जवळचें कसें दाखवावें, हें यांत पायरीपायरीनें समजाविलें आहे. मात्र तें पराक्रमी वीरांच्या कथांपुरतें आहे. आपली आजी भाजी निवडीत बसलेली दाखवावयाची असेल तर तिला त्या वीरांचे बाहु देऊन चालणार नाहीं! म्हणून हें आरंभीं न घेतां शेवटीं घ्यावें.

विकत घेण्यापूर्वीं तीन कसोट्या

इतर कोणतेंहि पुस्तक दुकानांत हातीं आलें तर तीन गोष्टी पाहाव्या. एक: त्यांत सुट्या चेहऱ्यांचेच नमुने आहेत, कीं अनेक चौकटींचें पूर्ण पान कसें रचावें हेंहि आहे? दोन: तें केवळ गिरविण्यास सांगतें, कीं आपल्या मनची लहान कथा काढण्यास लावतें? तीन: पायरी व पायरी यांमध्यें जें घडतें तें समजावून सांगतें काय? या तिन्हींस उत्तर 'नाहीं' असें आलें तर पैसे खिशांतच राहूं द्यावे. पहिल्या दिवशीं पुस्तक विकत घेण्याचीहि जरूरी नाहीं. ग्रंथालयांतून आणून एक प्रकरण वाचावें, पुस्तक मिटावें, आणि चार चौकटींची कथा काढावी. जें पुस्तक मिटल्यावर हात चालूं लागतो तें चांगलें.

चित्रकथाच गुरु

शिकविणाऱ्या पुस्तकांइतकाच उत्तम चित्रकथांचाहि अभ्यास करावा. येथें आम्ही एकच नांव सुचवितों: डॉ. आंबेडकरांच्या जीवनावरील 'भीमायन' (२०११). त्याचीं चित्रें दुर्गाबाई व सुभाष व्याम या गोंड कलावंतांनीं काढलीं आहेत. साताऱ्याच्या शाळेंत लहानग्या भीमास पाणी नाकारलें गेलें तो प्रसंग त्यांत आहे. त्यांतील संवादांचे फुगे पाहा: कठोर वचनाच्या फुग्यास विंचवाची नांगी आहे, आणि सौम्य वचनाचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा आहे. शब्द वाचण्यापूर्वींच त्यांचा दंश कळतो! परदेशी पुस्तकांतील चौकोनी चौकटींची या कलावंतांस गरज भासली नाहीं. आपल्याकडे सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील पिंगुळी येथील ठाकर समाजाचे चित्रकथीहि एकामागून एक चित्र पुढें ठेवीत रामायण-महाभारतांतील कथा गाऊन सांगत आले आहेत. एक चित्र खालीं ठेवून दुसरें उचलण्यांत जो क्षण जातो, तीच त्यांची मोकळी पट्टी. तात्पर्य, पुस्तकांतून पद्धति घ्यावी, पण माणसें व प्रसंग आपल्या अंगणांतले असावे.

पालकांस दोन शब्द

"यानें अभ्यास बुडेल," अशी भीति पालकांस वाटणें साहजिक आहे; आम्हांसहि ती वाटली. भूमितीच्या तासास भूमितीच झाली पाहिजे, याविषयीं आमचें मत आजहि तेंच आहे. परंतु चित्रकथा हा केवळ पोरखेळ नव्हे. वर सांगितलेल्या आयस्नर यांनीं १९५१ पासून सुमारें वीस वर्षें अमेरिकन सैनिकांस यंत्रांची निगा राखण्यास शिकविणाऱ्या मासिकाचें काम चित्रकथेच्याच द्वारें केलें. यहूदी लोकांच्या छळांतून वांचलेल्या आपल्या वडिलांची हकीकत आर्ट स्पीगलमन यांनीं 'माउस' या चित्रकथेंत सांगितली. तिला १९९२ मध्यें पुलित्झर पारितोषिकाचा विशेष मान मिळाला. चार चौकटींत एक प्रसंग बसविणाऱ्या मुलास निवड, क्रम व संक्षेप हे तीन गुण अंगीं आणावे लागतात. निबंधास तरी दुसरें काय लागतें? म्हणून आमची विनंति एवढीच कीं, वही फाडण्यापूर्वीं ती एकदां वाचून पाहावी, आणि शक्य तर एक निराळी वही घेऊन द्यावी.

आमच्या त्या विद्यार्थ्यास वही आठ दिवसांनीं परत मिळाली. योग्य पुस्तक हातीं द्यावयास मात्र आम्हांस पांच महिने लागले. आतां तो दहावींत आहे आणि आठवड्यास एकच पान काढतो. मागील महिन्यांत त्यानें एक पान आणून दाखविलें. चार चौकटींत एक मास्तर मेजाचा खण उघडून, कोणी पाहत नाहींसें बघून, एक वही वाचीत बसले आहेत. मास्तरांचा चेहरा मुळींच रेखीव नाहीं. एक भुवई दुसरीहून बरीच वर गेली आहे. परंतु ते आम्हीच आहों, हें ओळखावयास आम्हांस क्षणहि लागला नाहीं.