शेअरबाजार आणि माणसाचे मन

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात आपल्याला एक माणूस नेहमी भेटतो. तो नफातोट्याचा काटेकोर हिशेब करतो, लोभाला भुलत नाही, भीतीने गांगरत नाही आणि शेजारी काय करतो याकडे ढुंकूनही पाहत नाही. पुस्तकाबाहेर मात्र हा गृहस्थ मला अजून भेटलेला नाही. खरा माणूस पैशाचे निर्णय कसे घेतो हे पाहायचे, तर अर्थशास्त्राला मानसशास्त्राचा हात धरावा लागतो. त्यासाठी दूर जायला नको. आपल्या मुंबईचाच इतिहास पुरेसा बोलका आहे.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. तेथील दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव भडकले. मुंबईत पैशाचा पूर आला. येथवर सारे हिशेबाला धरून होते. पण आलेला पैसा स्वस्थ बसेना. नव्या बँका आणि समुद्रात भराव घालून जमीन काढणाऱ्या कंपन्या भराभर निघाल्या. बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा ५,००० रुपये भरलेला शेअर ५०,००० रुपयांच्या घरात गेला. ती जमीन तेव्हा पाण्याखालीच होती!

शहाणीसुरती व्यापारी माणसे असे का वागली? सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास केलेले प्रयोग येथे आठवतात. तीन रेघांपैकी कोणती दिलेल्या रेघेएवढी आहे, इतका सोपा प्रश्न. पण आधी ठरवून बसवलेल्या मंडळींनी एकमुखाने चुकीचे उत्तर दिले, की सुमारे एक तृतीयांश वेळा खरा परीक्षार्थीही तेच उत्तर देई. डोळ्यांसमोरच्या रेघेबाबत ही गत, तर उद्याच्या भावाबाबत काय होणार? शिवाय बाजारात खोटे बोलणाऱ्यांची गरजच नसते. शेजाऱ्याचा नफा खराच असतो. फक्त तो कोठून आला याची चौकशी कोणी करीत नाही.

व्यक्ती वाहवली तरी संस्था सावध असतील, असे आपल्याला वाटते. बँक ऑफ बॉम्बेची कथा वेगळेच सांगते. पूर्वी या बँकेला कंपन्यांच्या शेअरांवर कर्ज देण्यास कायद्याने मनाई होती. १८६३ च्या नव्या कायद्याने ती उठली. त्या काळी प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दाला बाजारात एवढे वजन होते, की त्यांची शिफारस बँकेला तारणासारखी वाटे. संचालक जेथे बसत, तेथेही बाहेरच्या गर्दीचीच हवा शिरली होती. कर्जामुळे शेअरांचे भाव चढत आणि चढलेल्या भावांकडे बोट दाखवून आणखी कर्ज मिळे. लगाम ज्यांच्या हाती, तेच घोड्याबरोबर धावू लागले.

१८६५ च्या एप्रिलमध्ये जनरल ली शरण आले. युद्ध संपत आल्याच्या बातमीने कापूस कोसळला. १ जुलै १८६५ रोजी वायदे पुरे करण्याचा दिवस उजाडला, तेव्हा देणेकरी पुष्कळ आणि देण्यास पैसा नाही, अशी स्थिती झाली. कधीकाळी २,८५० रुपयांना गेलेला बँक ऑफ बॉम्बेचा शेअर ८७ रुपयांवर आला. १८६८ साली जुनी बँक गुंडाळावी लागली.

पडत्या काळातही मन आपल्याला फसवते. डॅनियल काहनेमन आणि ॲमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ साली मांडलेल्या सिद्धान्तानुसार, शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर रुपये गेल्याचे दुःख माणसाला अधिक जाणवते. म्हणून बुडणारा शेअर विकून तोटा मान्य करणे त्याला जड जाते. ‘भाव परत येईल’ या आशेवर तो बसून राहतो. तोट्यातल्या कारखान्यात आणखी भांडवल ओतणारे व्यवस्थापकही याच आशेचे धनी असतात.

हे सारे जुने झाले, असे कोणी म्हणेल. आमच्या वर्गात तासाच्या मधल्या वेळेत मोबाइलवर भाव पाहणारे मित्र मी रोज पाहतो. ‘अमक्याने दुप्पट केले’ हे वाक्य कानी पडते. ज्याचे गेले तो गप्प असतो. गप्प बसणाऱ्यांची संख्या किती, हे सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालाने सांगितले : २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्सचे व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला.

मन बदलणे कठीण. पण त्याला थोडे थांबवता येते. शेअर घेण्यापूर्वी तो का घ्यायचा, हे कागदावर लिहावे, आणि त्या कारणात दुसऱ्या कोणाचेही नाव येऊ देऊ नये. कागद कोरा राहिला, तर त्या दिवशी खरेदी करू नये. अर्थशास्त्र व मानसशास्त्र हे दोन्ही विषय एकत्र शिकण्याचा एवढा उपयोग झाला तरी पुष्कळ झाले, असे मला वाटते.