जुन्या कॅसेटींसाठी संगणकात साउंड कार्ड कसे बसवावे?

कॅसेटचा जमाना संपला, परंतु कॅसेटी संपलेल्या नाहीत. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या घरांतील कपाटे उघडून पाहा. जलशातील तकरीर, मुशायरे, मदरशातील मुलांची किरात, निकाहचा खुतबा यांच्या कॅसेटी आजही डब्यांत पडून आहेत. कोकणातील घरांत तर आखातात नोकरीस गेलेल्या माणसांनी कॅसेटमध्ये बोलून पाठविलेली पत्रे आहेत. बोलणारी माणसे मरहूम झाली, आवाज तेवढा उरला आहे. परंतु टेपला ओल लागते, बुरशी चढते, उन्हाने ती आकसते. आवाज वेळीच संगणकात उतरविला नाही तर तोही जाईल, आणि तो दुसऱ्यांदा कोठूनही मिळणार नाही.

हे काम लहान दुकानात, साध्या डेस्कटॉप संगणकावर होऊ शकते. रेडिओ-टेप दुरुस्त करणारे आमचे अनेक कारागीर बांधव आज काम शोधत आहेत. त्यांच्या हातात हुन्नर आहे. अडचण असते ती संगणकात आवाज नीट आत घेण्याची. ती कशी दूर करावी, हा या लेखाचा विषय आहे.

साउंड कार्ड म्हणजे काय?

संगणकाला फक्त आकडे समजतात. टेपवरून येणारा आवाज हा विजेच्या लाटेच्या रूपात असतो. त्या लाटेचे आकड्यांत रूपांतर करणे व आकड्यांची पुन्हा लाट करून स्पीकरकडे पाठविणे, हे साउंड कार्डाचे काम. सीडीच्या मापाने एका सेकंदात ही लाट ४४,१०० वेळा मोजली जाते. या मापाने दोन्ही बाजूंच्या आवाजाची एक मिनिटाची नोंद सुमारे १० मेगाबाइट जागा घेते. ९० मिनिटांच्या कॅसेटला साधारण ९५० मेगाबाइट लागतात.

सुरुवातीच्या संगणकांत बीप करणाऱ्या लहान स्पीकरपलीकडे काही नसे. १९८७ मध्ये कॅनडातील ॲडलिब कंपनीचे कार्ड आले. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने साउंड ब्लास्टर बाजारात आणले आणि ते जगभर गेले. या कंपनीचे संस्थापक सिम वाँग हू जानेवारी २०२३ मध्ये वारले. त्यांची कंपनी १९८१ मध्ये संगणक दुरुस्तीच्या लहानशा दुकानातून उभी राहिली होती, हे आमच्या कारागीर तरुणांनी ध्यानात ठेवावे.

पुढे इंटेल कंपनीने १९९७ मध्ये एसी-९७ व २००४ मध्ये एचडी ऑडिओ हे नमुने ठरवून दिले. आवाजाची व्यवस्था मदरबोर्डावरच येऊ लागली आणि सामान्य माणसाला वेगळ्या कार्डाची गरज उरली नाही. म्हणूनच पहिला सल्ला आम्ही खरेदीचा देत नाही, तपासणीचा देतो.

आधी तपासा, मग खर्च करा

संगणकाच्या मागील बाजूस पाहा. तेथे ३.५ मिलिमीटरचे रंगीत जॅक असतात. हिरवा जॅक स्पीकरचा, गुलाबी माइकचा आणि फिकट निळा लाइन-इनचा. टेप डेकचा आवाज घेण्यासाठी आपल्याला हा निळा जॅक हवा. तो असेल, चालू असेल आणि आवाज स्वच्छ येत असेल, तर कार्ड घेऊ नका. गरज नसताना घेतलेली वस्तू म्हणजे इसराफ, मग ती कितीही स्वस्त असो.

कार्डाची गरज तीन प्रसंगी पडते. पहिला, निळा जॅकच नाही. कार्यालयांतून निघालेले जे बारीक अंगाचे संगणक बाजारात जुने म्हणून विकले जातात, त्यांपैकी अनेकांत तो नसतो. दुसरा, मदरबोर्डावरील आवाजाचा भाग बिघडला आहे. अशा वेळी पूर्ण मदरबोर्ड किंवा संगणकच बदला असे सांगणारे भेटतात. बाकी संगणक ठीक चालत असेल तर त्याची गरज नाही, कार्डाने भागते. तिसरा, रेकॉर्डिंगमध्ये संगणकाची स्वतःची घरघर, चरचर मिसळते.

लाइन-इन नाही म्हणून काही जण डेकची वायर गुलाबी जॅकमध्ये लावतात. हे करू नये. माइकचा आवाज फार क्षीण असतो, म्हणून त्या जॅकमागे आवाज अनेक पट वाढविण्याची व्यवस्था असते. डेकचा दणकट आवाज तेथे गेला की तो फाटतो. शिवाय हा जॅक बहुधा एकाच बाजूचा आवाज घेतो.

कार्डाची निवड

कापड घेताना आपण आधी पन्हा विचारतो, मग भाव. कार्ड घेतानाही आधी माप पाहावे.

संगणकाची पेटी उघडून मदरबोर्डावरील खाचा पाहा. आजच्या संगणकांत पीसीआय एक्सप्रेस खाच असते. तिची सर्वांत लहान जात सुमारे २५ मिलिमीटर लांब असते आणि साउंड कार्ड बहुधा याच मापाचे येते. लहान खाच मोकळी नसेल तर हे कार्ड त्याच जातीच्या लांब खाचेतही चालते. जुन्या पीसीआय जातीचे कार्ड मात्र या खाचेत बसत नाही. नाव सारखे वाटते, पण माल वेगळा आहे.

त्यानंतर उंची पाहा. कार्डाच्या टोकाला धातूची पट्टी असते. मोठ्या पेटीसाठी ती सुमारे १२० मिलिमीटरची, तर बारीक पेटीसाठी सुमारे ८० मिलिमीटरची लागते. काही कार्डांबरोबर दोन्ही पट्ट्या मिळतात. बारीक पेटी असेल तर दुकानदाराला हे विचारूनच पैसे द्या.

तिसरी गोष्ट, कार्डावर लाइन-इन असल्याची खात्री करा. स्पीकरसाठी पाच-सात जॅक दिलेले कार्ड आपल्या कामाचे असेलच असे नाही. काही कार्डांवर माइक व लाइन-इन मिळून एकच जॅक असतो. तो चालतो, मात्र स्क्रीनवर लाइन-इन निवडावे लागते.

चौथी गोष्ट ड्रायव्हरची. ड्रायव्हर म्हणजे कार्ड व संगणक यांच्यातला दुभाषा. आपल्या विंडोजसाठी तो कंपनीकडून मिळतो की नाही, हे खरेदीपूर्वी पाहा. विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, म्हणून विंडोज ११ साठी ड्रायव्हर आहे का, हेही विचारून ठेवा. काही कार्डांना पेटीतील वीजपुरवठ्याची वेगळी वायर जोडावी लागते. ती शिल्लक आहे का पाहा. बिल व वॉरंटी लिहून घ्या.

लॅपटॉपमध्ये असे कार्ड बसत नाही. त्याला यूएसबीवर चालणारे बाहेरचे साधन लागते. ते डेस्कटॉपलाही चालते, परंतु स्वस्तातल्या अनेक साधनांत फक्त माइकची सोय असते, लाइन-इन नसते.

बसविण्याची कृती

१. महत्त्वाच्या फायलींची दुसरी प्रत करून ठेवा. ग्राहकांचे हिशेब त्याच संगणकात असतील तर हे विसरून चालणार नाही.

२. संगणक बंद करा व विजेची वायर काढून घ्या. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. वायर काढल्यावर चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते.

३. पेटी टेबलावर आडवी ठेवून बाजूचे झाकण काढा. यंत्रमागाच्या गावांत आत रुईचा थर सापडतोच. तो ब्लोअरने उडवा. पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा, वाऱ्याने त्याला भरधाव फिरू देऊ नका. तोंडावर रुमाल बांधा.

४. हात लावण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श करा. कोरड्या हवेत पॉलिस्टर-नायलॉनच्या कपड्याने अंगात स्थिर वीज साठते, हे कापडवाल्यांना सांगायला नको. आपल्याला जाणवणारही नाही इतका झटका चिप बिघडवू शकतो.

५. मोकळी खाच निवडा. ग्राफिक्स कार्ड असेल तर त्यापासून शक्य तेवढी दूरची घ्या. त्या खाचेसमोरील मागची पत्र्याची पट्टी काढा व तिचा स्क्रू जपून ठेवा.

६. कार्ड कडेने धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका. खाचेवर सरळ धरून दोन्ही बाजूंनी सारखा दाब द्या. तिरके घालू नका, ठोकू नका. नीट बसले की सोनेरी भाग खाचेत जातो व धातूची पट्टी पेटीला टेकते. मग स्क्रू घट्ट करा.

७. वेगळी वीज लागत असेल तर ती वायर जोडा. पेटीच्या समोरील जॅकची वायर मदरबोर्डावर तशीच राहू द्या. टेपच्या कामाला तिची गरज नाही.

८. झाकण लावा, वीज जोडा, संगणक सुरू करा.

स्क्रीनवरील काम

आमच्यासारखी उर्दू माध्यमात शिकलेली पिढी स्क्रीनवरील इंग्रजी पाहून मागे सरते. येथे चार शब्द ओळखले तरी पुरे: साउंड, इनपुट, आउटपुट आणि डिफॉल्ट. साउंड म्हणजे आवाजाचे पान, इनपुट म्हणजे आत येणारा आवाज, आउटपुट म्हणजे बाहेर जाणारा आणि डिफॉल्ट म्हणजे संगणकाने न विचारता वापरायची वस्तू.

कंपनीचा ड्रायव्हर घाला व संगणक एकदा बंद करून पुन्हा सुरू करा. विंडोजच्या साउंड पानावर आउटपुटमध्ये नव्या कार्डाचे नाव व इनपुटमध्ये त्याचे लाइन-इन निवडा. आवाज सुधारण्याच्या नावाखाली दिलेल्या घुमाव, गोंगाट कमी करणे वगैरे सोयी बंद ठेवा. मूळ आवाज आहे तसा उतरविणे हे पहिले काम.

संगणकाने कार्ड ओळखलेच नाही तर वीज काढून कार्ड पुन्हा नीट बसवा, नाहीतर दुसऱ्या खाचेत घालून पाहा. जुन्या व नव्या व्यवस्थेचा गोंधळ होत असेल तर बायोसमध्ये जाऊन मदरबोर्डावरील ऑडिओ बंद करता येतो.

कॅसेट उतरविताना

टेप डेकच्या मागील लाइन-आउटमधून, म्हणजे लाल व पांढऱ्या जॅकमधून, वायर काढून कार्डाच्या लाइन-इनमध्ये लावा. डेकला फक्त हेडफोनचा जॅक असेल तर डेकचा आवाज कमी ठेवून सुरुवात करा. डेकचे हेड आधी स्वच्छ करा. पहिली चाचणी आपल्या घरच्या बिनमहत्त्वाच्या कॅसेटवर घ्यावी, ग्राहकाच्या कॅसेटवर नव्हे.

रेकॉर्डिंगसाठी ऑडॅसिटी हा फुकट मिळणारा प्रोग्राम पुरेसा आहे. त्यात आवाजाची पातळी दाखविणारी पट्टी असते. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील असे ठेवा. शून्याला टेकला की लाटेचे टोक छाटले जाते. कातरलेले कापड जसे पुन्हा अखंड होत नाही, तसेच याचे आहे. आवाज थोडा कमी राहिला तर नंतर वाढविता येतो. मूळ नोंद वेव्ह फायलीत ठेवा व ग्राहकाच्या मोबाइलसाठी एमपी-३ प्रत वेगळी करा.

सतत हूं असा आवाज येत असेल तर तो बहुधा ५० हर्ट्झच्या विजेचा असतो. अर्थिंग तपासा, वायर बदलून पाहा. सुरक्षेसाठीची अर्थिंगची तार मात्र कधीही तोडू नका. टेपची मूळ सळसळ कार्डाने जात नाही. कॅसेटवर जे आहे तेवढेच कार्ड उतरविते. जाहिरातीत काहीही लिहिलेले असो, ग्राहकाला हे आधी सांगावे. मालातला दोष झाकून विकणे आपल्या दीनमध्ये मना आहे, आणि सेवेलाही तोच नियम लागू आहे.

आवाज ही अमानत आहे

या धंद्यात ग्राहकाच्या घरातले बोलणे आपल्या कानावर पडते. आखातातून बापाने आईला पाठविलेले पत्र, भावांमधला वाद, कोणाचे कर्ज. हे दुकानाबाहेर जाता कामा नये. किती कॅसेटी आल्या, कोणती तुटलेली होती, हे पावतीवर लिहा. काम पोहोचते करून ग्राहकाने ऐकून पाहिले की त्याच्या संमतीने आपल्याकडील प्रत पुसून टाका.

कायद्याचेही भान ठेवावे. आपल्या देशात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर ६० वर्षे राहतो. बाजारातील गाण्यांच्या कॅसेटींच्या प्रती काढून विकणे हा धंदा नव्हे, ती चोरी आहे. मुशायऱ्याचे रेकॉर्डिंग घरातले असले तरी कलाम शायराचे असते.

कार्ड बसविणे हे एका संध्याकाळचे काम आहे. स्क्रू पिळता येणारा कोणीही ते शिकेल. परंतु ग्राहक आपल्या मरहूम वडिलांचा आवाज आपल्या हातात देतो, तो कार्ड पाहून नव्हे, माणूस पाहून. तो भरवसा राखला तर या लहानशा कामातही रोजी आहे आणि इन्शाअल्लाह बरकतही आहे.