नावांची टक्केवारी : पिढ्यांची तुलना कशी करावी?

शिरूर व दौंड तालुक्यांतील आपल्या वस्त्यांत जुन्या पिढीची नावे कचरू, धोंडीबा, भिकाजी अशी, तर पुढच्या पिढ्यांची सिद्धार्थ, मिलिंद, संघमित्रा, प्रज्ञा अशी ऐकू येतात. हा बदल आपण बोलून दाखवतो, पण मोजत नाही. तो कसा मोजावा हे विद्यार्थी मित्रांना समजावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

नाव ही साधी बाब नाही. शूद्राचे नाव निंदादर्शक असावे, असे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला त्या ग्रंथाचे दहन झाले. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर नव्या नावांची वाट रुंद झाली. मात्र दगडू, धोंडू ही नावे 'मूल जगावे' या समजुतीने इतर जातींतही ठेवत. म्हणून जुन्या नावाला हसू नये. ते आहे तसेच लिहून घ्यावे.

आता गणित पाहू. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. समजा, एका वस्तीत १९५७ ते १९८० या काळात जन्मलेल्या ८० जणांपैकी २८ जणांची नावे बौद्ध परंपरेतील आहेत. १९८१ ते २००५ या काळातील १२० जणांपैकी अशी नावे ३६ आहेत. नुसती संख्या पाहिली तर ८ ने वाढ दिसते. परंतु,

२८ ÷ ८० × १०० = ३५ टक्के
३६ ÷ १२० × १०० = ३० टक्के

म्हणजे संख्या वाढली, प्रमाण घटले. खऱ्या आकड्यांतही असे घडते. जनगणनेनुसार महाराष्ट्रातील बौद्धांची संख्या २००१ मध्ये सुमारे ५८.३९ लाख होती, ती २०११ मध्ये ६५.३१ लाख झाली; पण लोकसंख्येतील प्रमाण ६.०३ वरून ५.८१ टक्क्यांवर आले.

दोन गावांच्या टक्केवारीची सरासरी काढू नये. समजा, शिरूरकडील ५० पैकी २० (४० टक्के) आणि दौंडकडील २०० पैकी ४० (२० टक्के) नावे आहेत. एकत्रित उत्तर ३० नव्हे. २५० पैकी ६०, म्हणजे २४ टक्के.

तीन पथ्ये पाळावीत. गट नात्यावरून नव्हे, जन्मसालावरून पाडावेत. कारण काका-पुतणे कधी एकाच वयाचे असतात. अशोक, आनंद, राहुल ही नावे सर्वच समाजांत आढळतात. त्यांचा रकाना वेगळा ठेवावा आणि नियम मोजणीआधीच ठरवावा. स्त्रियांचे माहेरचे नाव विचारावे; लग्नात बदललेले नाव धरल्यास जन्मकाळाचा हिशेब चुकतो.

टक्केवारी बदल किती झाला ते सांगते. का झाला ते घरातील वडीलधारी माणसेच सांगू शकतात. आजी-आजोबा हयात आहेत तोवर वही घेऊन त्यांच्यापाशी बसा. शाळेच्या रजिस्टरात आजोबांचे नाव सापडेल; शाळेत न गेलेल्या आजीचे माहेरचे नाव बहुधा तिच्याच तोंडून मिळेल. ते राहून गेले, तर पुढे कोणतेही गणित ते परत आणून देणार नाही.