फॅट कुठं गेली ते बघ

परवा फोनवर तू विचारलंस, "मावशी, वजन उतरवायचंय, तर म्हशीचं दूध बंद करून लो-फॅट सुरू करू का?" तव्यावर पोळी होती, म्हणून मी "नंतर सांगते" म्हणून फोन ठेवला. पण असल्या प्रश्नाला हो किंवा नाही एवढं उत्तर पुरत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. सावकाश वाच.

माझी सगळी नोकरी दूध संघात झाली हे तुला माहीत आहे, पण तिथं मी काय करायचे ते बहुधा माहीत नसेल. मी फॅट काढायचे. काचेच्या ब्युटिरोमीटरमध्ये आधी १० मिली सल्फ्युरिक ॲसिड, त्यावर नळीच्या कडेनं हळूच सोडलेलं १०.७५ मिली दूध, मग १ मिली अमाइल अल्कोहोल. बूच लावून हलवलं की नळी इतकी तापायची की फडक्याशिवाय धरवत नसे, आणि आतलं पांढरंशुभ्र दूध बघता बघता काळपट तपकिरी व्हायचं. ते यंत्रात गरगर फिरवायचं. पाच मिनिटांनी नळी डोळ्यांसमोर उभी धरली की तिच्या बारीक मानेत सोनेरी पिवळा, आरपार दिसणारा थर चढलेला असायचा. तो कितव्या रेघेवर आहे ते वाचायचं. ॲसिड दुधातलं बाकी सगळं विरघळवून टाकतं. फॅट तेवढी वर येऊन बसते.

सुरुवातीची वर्षं मी संकलन केंद्रावर होते. दूध घालायला आलेला माणूस खिडकीपाशी उभा राहून विचारायचा, "बाई, आज किती लागली?" फॅटवर आणि एसएनएफवर, म्हणजे फॅट सोडून दुधात उरणाऱ्या घन भागावर, दर ठरायचा. फॅट ६.८ लागली की चेहरा खुलायचा, ५.७ लागली की पेंड बदलली का, म्हैस गाभण आहे का, सगळी चौकशी तिथंच सुरू व्हायची. गावात ज्या फॅटसाठी माणसं जिवाचं रान करतात, तिलाच शहरात तुम्ही घाबरता. दोन्ही बाजू मी जवळून पाहिल्या आहेत. त्यातून एक गोष्ट पक्की कळली: फॅट नाहीशी होत नाही, ती जागा बदलते. दुधातून सायीत जाते, सायीतून लोण्यात, लोण्यातून तुपात, नाहीतर सरळ तुझ्या पेल्यात. म्हणून कुठलं दूध आणायचं हे विचारण्याआधी, घरात आलेली फॅट कुठं जाते ते बघ.

पिशव्यांचं गणित आधी समजून घे. रंगावर जाऊ नकोस, प्रत्येक डेअरीचा रंग वेगळा. छापलेलं नाव वाच. फुल क्रीममध्ये निदान ६ टक्के फॅट असावी लागते, स्टँडर्डाइज्डमध्ये ४.५, टोन्डमध्ये ३, डबल टोन्डमध्ये १.५, आणि स्किम्डमध्ये फार तर अर्धा टक्का. एक ग्रॅम फॅट म्हणजे ९ कॅलरी. बाकी प्रथिनं आणि दुधातली साखर सगळ्या दुधांत जवळजवळ सारखीच. त्यामुळे अर्धा लिटर फुल क्रीम साधारण ४३५ कॅलरी, टोन्ड ३०० च्या आसपास, डबल टोन्ड २३५. कॅल्शियम आणि प्रथिनं फॅटबरोबर निघून जात नाहीत. अर्ध्या लिटरमागे १६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं तुला कुठल्याही पिशवीतून मिळतील. 'अ' आणि 'ड' जीवनसत्त्वं मात्र फॅटमध्ये विरघळणारी, ती साय काढली की कमी होतात. म्हणून पातळ दूध घ्यायचं झालं तर ती वरून घातलेली असल्याची 'प्लस एफ' ही खूण पिशवीवर आहे का ते बघून घे.

आता तुझ्या घरचं बोलू. तू दूध किती पितेस? चहापुरतं घेत असशील तर हा सगळा खटाटोप बाजूला ठेव. एका कपात ५० मिली दूध धरलं तर फुल क्रीम आणि डबल टोन्डमध्ये २० कॅलरींचा फरक. दिवसात तीन कप, म्हणजे ६०. आणि त्याच तीन कपांत दोन-दोन चमचे साखर असेल तर तिच्याच १२० होतात. तिथं दूध पातळ करून जिभेला शिक्षा कशाला? साखर अर्ध्यावर आण आणि चहा दाट दुधाचाच पी.

पण तुझ्या आईनं, माझ्या ताईनं, तुला लहानपणापासून रात्री मोठा पेला दूध प्यायची सवय लावली आहे. सकाळी ओट्समध्ये दूध, दुपारी वाटीभर दही. हे सगळं मिळून अर्धा लिटर सहज होतं. तिथं फरक रोज २०० कॅलरींचा पडतो. दोन पोळ्यांएवढा. महिनोन्‌महिने तो टिकला तर काट्यावर दिसतोच. म्हणजे दूध, दही भरपूर खाणाऱ्यानं फॅट बघावी आणि चहापुरतं दूध वापरणाऱ्यानं साखर. मला हा हिशोब सगळ्यात खरा वाटतो.

तू म्हणशील, मग सरळ स्किम्डच आणते. थांब. पन्नाशीत गुडघ्यांनी तक्रार सुरू केली तेव्हा मी हेच केलं होतं. रात्रीचं दूध पाण्यासारखं लागायचं, प्यायल्याचं समाधान नसायचं, आणि दहा वाजता डब्यातला चिवडा हाताला लागायचा. मूठभर शेंगदाण्यांचा चिवडा म्हणजे वाचवलेलं सगळं परत, वर आणखी थोडं. मग मी टोन्डवर आले. पेला लहान केला. ते टिकलं. फॅट पोटात रेंगाळते, भूक लांबवते, हे काही खोटं नाही. मात्र प्रत्येकाचं पोट वेगळं. तू दोन आठवडे टोन्ड घेऊन बघ. रात्री जेवणानंतर काही खावंसं वाटतं का ते रोज वहीत लिही. नाही वाटलं तर डबल टोन्डवर जा. वाटलं तर तिथंच थांब. कुठलंही दूध चरबी जाळत नाही. जे दूध पिऊन तुला इतर वेळी काही खावंसं वाटत नाही ते तुझं दूध.

टोन्ड दुधाची एक गोष्ट सांगते, मला ती फार आवडते. हे दूध वजन उतरवण्यासाठी जन्मलंच नाही. मुंबईत १९४० च्या दशकात म्हशीचं दूध गोरगरिबांच्या आवाक्याबाहेर होतं. आरे कॉलनी उभी करणारे दारा खुरोडी यांनी म्हशीच्या दाट दुधात स्किम्ड पावडर आणि पाणी घालून फॅट खाली आणली, प्रथिनं टिकवली, आणि तेवढ्याच दुधात किती तरी जास्त घरं भागवली. १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना अमूलच्या कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत मिळाला. ज्या पिशवीकडे आज 'पातळ' म्हणून नाक मुरडतात, तिनं मुंबईची किती मुलं वाढवली आहेत.

आणि दाट दुधासाठी कोल्हापूरकडे बघ. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळतात आणि पेला हातात देतात. पैलवान तो पितो, कारण पहाटेपासून आखाड्यात शेकडो जोर-बैठका काढून त्यानं तो पेला आधीच कमावलेला असतो. आपण खुर्चीत बसून त्याचा पेला प्यायचा नाही. (आणि कच्चं दूध तू तर कधीच पिऊ नकोस. त्यानं होणारे आजार मी कागदावर नाही, माणसांत पाहिलेत. दूध उकळूनच.)

आता सायीचं. तुझी आई अजून फुल क्रीमच घेते, तापवते, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवते आणि सकाळी वरची भाकरीसारखी साय चमच्यानं कड सोडवून अख्खी उचलते. बरोबर करते. आपल्या आज्यांचं हेच लो-फॅट दूध. पण साय काढली म्हणजे दूध स्किम्ड झालं असं समजू नकोस, बरीच फॅट खाली दुधातच राहते. दूध होमोजिनाइज्ड असेल तर नीट साय धरणारच नाही, कारण फॅटचे कण आधीच बारीक करून सगळीकडे पसरवलेले असतात. पिशवीवर तो शब्द दिसला तर साय काढायच्या भानगडीत पडू नकोस, हवी ती फॅट बघूनच दूध घे.

किती फॅट निघाली हे घरी मोजायची युक्ती सांगते, प्रयोगशाळा लागत नाही. रोज अर्धा लिटर फुल क्रीम म्हणजे आठवड्याला साडेतीन लिटर, म्हणजे २१० ग्रॅम फॅट तू विकत घेतलीस. आठवड्याची साय साठव, विरजण लाव, घुसळ, लोणी काढ, कढव. तूप गाळून काट्यावर ठेव. समज १२० ग्रॅम भरलं. थोडी फॅट ताकात गेली, थोडी बेरीत. उरलेली ऐंशी-नव्वद ग्रॅम तुझ्या दुधातच राहिली. साडेतीन लिटरवर विभाग, अडीच टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे ती सगळी खटपट करून तू टोन्ड दुधाच्या थोडंसं खालचं दूध प्यायलीस.

आणि ते १२० ग्रॅम तूप? त्याच्या १०८० कॅलरी. त्या घरातून गेलेल्या नाहीत, बरणीत बसल्या आहेत. तू साय काढून दूध पिणार आणि वरणभातावर तेच तूप पळीनं घेणार असशील तर फुल क्रीमच पी, निदान घुसळायचे कष्ट वाचतील. वजन उतरवणाऱ्यानं तूप सोडावं असं मी म्हणत नाही. चहाचा चमचा सपाट भरून घे, ४५ कॅलरी, दिवसाला एक किंवा दोन. बरणी ताटाशेजारी आणू नकोस. बाकीचं तूप तुझ्या घरातल्या छोट्या भाच्याच्या गरम पोळीवर जाऊ दे.

लोणी निघाल्यावर खाली उरतं ते खरं ताक. त्यात फॅट नावापुरती, प्रथिनं सगळी. हल्ली दह्यात पाणी घालून मिक्सर फिरवतात आणि त्याला ताक म्हणतात. ते पातळ केलेलं दही आहे, दह्यातली सगळी फॅट त्यात तशीच. वाईट नाही, पण दोन्ही एक नव्हेत. खरं ताक मिळालं तर आलं, कोथिंबीर, चिमूटभर मीठ घालून जेवणाआधी भांडंभर पी. भूक नेमकी मोजून लागते.

दही टोन्ड दुधाचं घरी लाव. पातळ लागतं म्हणून लोक सोडतात. दूध थोडं आटव, किंवा लिटरमागे दोन चमचे स्किम्ड मिल्क पावडर घाल, आणि मातीच्या भांड्यात लाव. माती पाणी शोषते, दही सुरीनं कापावं असं लागतं. पावडर आणताना 'डेअरी व्हाइटनर' उचलू नकोस, त्यात बहुतेकदा साखर असते.

साखरेवरून आठवलं. लो-फॅट म्हणून आंब्याचं, स्ट्रॉबेरीचं दही मिळतं, त्यापासून फार सावध राहा. फॅट काढली की चव जाते, ती साखरेनं भरून काढतात. डबा उलटा करून वाच: साध्या दह्यात १०० ग्रॅममागे चार-पाच ग्रॅम साखर दुधाची स्वतःची असते. १३ लिहिलं असेल तर आठ-नऊ वरून घातली आहे. 'लो-फॅट' या शब्दाला कायद्यानं अर्थ आहे, घट्ट पदार्थात १०० ग्रॅममागे ३ ग्रॅमपेक्षा जास्त फॅट चालत नाही. पण त्या शब्दात साखरेचा उल्लेखही नाही.

पनीरचं थोडक्यात: बाजारचं पनीर १०० ग्रॅममागे २० ग्रॅमच्या वर फॅटचं. टोन्ड दुधात लिंबू पिळून घरी कर. थोडं कोरडं होतं, भुर्जीला छान लागतं.

एक मात्र ऐक. तुला वजन उतरवायचंय म्हणून सगळ्या घराला पातळ दुधावर आणू नकोस. भाचा अजून दोन वर्षांचा झालेला नाही. त्याला पूर्ण फॅटचंच दूध, त्याच्या मेंदूच्या वाढीला ती लागते. तुझ्या सासऱ्यांचं वजन आजारपणानंतर आधीच घटलंय, त्यांनाही दाटच. सासूबाईंचं कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे, त्या तुझ्याबरोबर टोन्ड घेतील, पण डॉक्टरांना विचारून. घरात दोन पिशव्या येऊ देत. फ्रीजमध्ये दोन पातेली ठेव, एकाच्या झाकणाला दोरा बांध, म्हणजे पहाटे अंधारात बाळाची बाटली भरताना चूक होणार नाही.

वजन उतरवायला लागलीस की दर आठवड्याला मला फोन कर. काट्याचा आकडा नंतर सांग, आधी दूध किती संपलं आणि तूप किती निघालं ते सांग. येत्या रविवारी कढवणार असशील तर रिकाम्या बरणीचं वजन आधी करून झाकणावर लिहून ठेव, भरल्यावर ते आठवत नाही.