घाटाखालचे बेसनलाडू

दहिवली, कर्जत
कोजागरीचा दुसरा दिवस

चि. सौ. छकुलीस,


खोपोली लोकलने पाठवलेला तुझा डबा मिळाला. उघडला तर आत लाडू नव्हतेच, एक सलग वडी होती. तुझ्या काकांनी ती सुरीने कापून खाल्ली आणि वर 'झकास' म्हणाले. पण त्यांना साखर घातलेलं काहीही झकासच लागतं, तेव्हा ते मत धरू नकोस. बेसन टाळूला चिकटत होतं, म्हणजे ते कच्चं राहिलं होतं. आणि लाडू बसले, म्हणजे तूप-साखरेचंही काहीतरी हुकलं. दोन्ही गोष्टी फोनवर उभ्या उभ्या सांगण्यासारख्या नाहीत, म्हणून लिहायला बसले.

आईने सांगितलं तस्सं केलं, मिनिटंसुद्धा मोजली, असं तू म्हणालीस. गोम तिथेच आहे. वहिनीच्या लाडवांना मी नावं ठेवणार नाही. पण ते सदाशिव पेठेतल्या हवेत होतात. पुण्यात वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि बोरघाट उतरला की इथे तीन हजारांच्याही वर. तो गेला तरी ओल लगेच हटत नाही. आश्विनात आपल्याकडे मिठाची बरणीसुद्धा पाझरते, मग डाळ कोरडी कुठून राहणार? वहिनीची कृती बरोबर आहे, फक्त ती घाटावरची आहे.

तसं पाहिलं तर हरभराही आपल्याकडचा नव्हेच. भात निघालं की मागच्या ओलीवर आपण वाल टाकतो, क्वचित कुठे थोडा हरभरा. बाकी डाळ घाटावरून यायची; आधी बैलांच्या पाठीवरून, 1830 नंतर बोरघाटाच्या गाडीरस्त्याने आणि 1863 पासून रेल्वेने. म्हणून इथल्या जुन्या घरांचं गोडधोड तांदूळ, नारळ आणि गुळाचं. खांडवी, पातोळ्या, घावन-घाटलं यांना ही दमट हवा मानवते. बेसनाला मानवत नाही, त्याला जपावं लागतं.

तर सुरुवात डाळीपासून. पाकिटातलं बेसन भज्यांना आणि पिठल्याला ठीक, लाडवाला नको. ते फार बारीक असतं, तूप घातलं की त्याचा चिखल होतो. शिवाय स्वस्त पाकिटात वाटाण्याचं पीठ मिसळलेलं असू शकतं, ते नुसत्या डोळ्यांना कळायचं नाही. हरभऱ्याची डाळ आण, निवड, आणि एक दिवस कडक उन्हात घाल. मग कढईत मंद आचेवर नुसती गरम कर. रंग बदलू द्यायचा नाही. दाताखाली कट्कन तुटली की पुरे. गार झाल्यावर गिरणीत ने आणि जाडसर, रवाळ दळून माग. गिरणीवाल्याला एवढंच विचार की आधी काय दळलं. कुणाची डाळ होऊन गेली असेल तर डबा लाव. गहू किंवा ज्वारी असेल तर थांब, नाहीतर पहिलं दोन ओंजळी पीठ बाजूला काढायला सांग. कुरकुरला तर कुरकुरू दे.

प्रमाण लिहून ठेव: अर्धा किलो बेसन, पाव किलो तूप, साडेतीनशे ग्रॅम पिठीसाखर. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने 1970 साली वाटी-चमच्याची मापं घरोघर पोचवली, त्याचे उपकार आहेतच. पण रवाळ पीठ आणि बारीक पीठ वाटीत सारखं बसत नाही. लाडवाला वजनकाटा घे.

कढई जाड बुडाची हवी. तूप सगळं एकदम घालू नकोस. आधी दीडशे ग्रॅम, बाकीचं हाताशी. आच मंद. पहिली काही मिनिटं पीठ तूप पिऊन बसतं, गोळे होतात, उलथनं ओढावं लागतं, दंड भरून येतो. याच वेळी 'तूप कमी पडलं' असं वाटून बायका घसाघसा तूप ओततात. तू ओतू नकोस. त्याऐवजी स्टीलचं झाकण क्षणभर कढईवर धर. त्याच्या आतल्या बाजूला दव धरलं तर पिठात अजून पाणी आहे. ते आहे तोवर पीठ नुसतं वाफवतं, भाजत नाही. सगळी आच पाणी उडवण्यातच खर्च होते. तुझी मोजलेली मिनिटं अशी वाफेवारी गेली.

झाकण कोरडं राहायला लागलं की खरं भाजणं सुरू झालं. उरलेलं तूप आता थोडं थोडं घाल. वासाकडे नाक ठेव. आधी कच्च्या डाळीचा उग्र वास असतो, मग मधे थोडा वेळ कसलाच वास येत नाही (इथे कंटाळून बरेच जण गॅस बंद करतात), आणि मग भाजल्या शेंगदाण्यांच्या वळणाचा खमंग वास सुटतो. पीठ हलकं होतं, उलथनं आपसूक फिरतं, आणि प्यायलेलं तूप कडेकडेने परत सोडायला लागतं. चिमूटभर जिभेवर ठेवून टाळूला दाबून बघ. चिकटलं नाही की झालं. बदामी रंगाच्या एक छटा अलीकडेच गॅस बंद कर, कारण तापलेली कढई पुढे आणखी भाजत राहते. या सगळ्याला पाऊण तास मोकळा ठेव, जास्त लागला तर लागू दे, आणि त्या वेळात फोन दुसऱ्या खोलीत असू दे.

गॅस बंद केल्या केल्या दोन चमचे दुधाचा हबका मार. पीठ फसफसून फुलतं आणि दाणा सुटतो. वहिनी इथे थांबते, तू थांबायचं नाहीस. दुधातलं पाणी पूर्ण उडेपर्यंत ढवळत राहा, नाहीतर आपल्या हवेत आठवड्याभरात लाडू खवट लागतील.

आता बसण्याचं. साजूक तूप तिशी-पस्तिशीच्या तापमानात पातळ व्हायला लागतं, आणि ऑक्टोबरातली आपली दुपार नेमकी तिथेच असते. दुपारी वळलेला लाडू बसणारच. पीठ पूर्ण निवू दे, कोमटसुद्धा नको. गरम पिठात साखर घातली की ती उरलीसुरली ओल ओढून पाझरते. साखर घरीच मिक्सरवर दळ. विकतच्या काही पिठीसाखरेत कॉर्नफ्लोअर असतं. वेलची, हवं तर थोडं जायफळ घालून हाताच्या टाचेने चांगलं फेस, आणि रात्री जेवणं झाल्यावर किंवा पहाटे वळायला बस. बेदाणा मात्र वळून झाल्यावर वरून टोच, आत घातला तर लाडू तिथे फुटतो. तरी बसलेच, तर थाळा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा वळ. त्यात काही कमीपणा नाही.

काही दुकानांतले लाडू भर दुपारीही ताठ का राहतात, हे तुझ्या मनात येईल. त्यांत वनस्पती तूप असतं. 1937 साली डालडा बाजारात आला आणि गरीब-मध्यमवर्गाची दिवाळी स्वस्त झाली, हे नाकारता येत नाही. ते तूप अधिक उष्णतेला वितळतं म्हणून लाडू छान उभा राहतो. पण तोंडातही लवकर विरघळत नाही, जिभेवर मेणचट थर राहतो. तुपाचा भाव पाहून मोह झाला तर लाडू निम्मे कर, तूप तेच ठेव.

मैसूरपाकाचा विचार यंदा सोडून दे. त्यात पाक, उकळतं तूप आणि बेसन तिन्ही एकाच वेळी सांभाळावं लागतं; एक हात तुझा आणि एक माझा असेल तेव्हा करू. बुंदी तर हलवायाचीच. महडला वरदविनायकाला जाशील तेव्हा तिथून आण. पाकातले रवा-बेसन लाडू करायचेच असतील तर एकतारी पाकापुढे जाऊ नकोस, एवढंच.

सोसायटीतल्या बायका ऑर्डर देतायत म्हणालीस. शनिवार-रविवारी फार्महाऊसवर येणारी मुंबईची मंडळीही विचारतील. घरचं म्हटलं की त्यांना भाव विचारायचं भान राहत नाही. पण तुझ्या कढईत एका वेळी अर्धा किलोच नीट भाजतं. दोन किलोचा शब्द दिलास तर चार वेळा तेवढाच दंड मोडायची तयारी हवी. एकदम दोन किलो घातलंस की वरचं कच्चं आणि खालचं करपलेलं. यंदा घरच्यांपुरतं आणि एका शेजारणीपुरतं कर. पुढे खरंच विकायचं ठरलं तर अन्नसुरक्षेची नोंदणी आधी कर, घरगुती धंद्यालाही ती लागते. आणि भाव ठरवताना तुपाबरोबर तुझा पाऊण तासही धर. आमच्या पिढीने तो कधी धरला नाही.

जावईबापूंना उलथनं धरायला बसव. अर्ध्या तासानंतर हात बदलला की पीठ खाली लागत नाही.

डाळ उद्याच उन्हात टाक, परवापासून ढग सांगितले आहेत.

तुझी,
आत्या