जादा गॅस-टाक्या ठेवाव्यात कुठे?

चौसाळ्यासारख्या गावी वसतिगृहात वा वृद्धाश्रमात १४ एप्रिलच्या किंवा बुद्ध पौर्णिमेच्या भोजनासाठी आपण जादा गॅस-टाक्या आणतो. दोन दिवसांचाच प्रश्न म्हणून त्या जिन्याखाली ठेवतो. ही सवय आपण मोडली पाहिजे.

टाकीत गॅस दाबाखाली द्रवरूपात असतो. एक लिटर द्रव बाहेर पडला की त्याचा सुमारे २५० लिटर वायू होतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने वर न जाता जमिनीलगत पसरतो व गटारात साचतो. हवेत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास झाले तरी एक ठिणगी पुरते. जिन्याखाली आग लागली, तर मुलांची व वृद्धांची बाहेर पडण्याची वाटच बंद होते.

म्हणून टाक्या इमारतीबाहेर, पक्क्या कोरड्या जागी, उभ्या ठेवाव्यात. आपल्याकडील ऊन पाहता वर छप्पर असावे, बाजू मात्र मोकळ्या असाव्यात. जवळ गटार, चूल वा विजेचे बटण नसावे. रिकाम्या टाकीतही थोडा गॅस उरतो. तीही येथेच ठेवावी.

हिशेबही ठेवावा. गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे विनापरवाना साठा १०० किलोपर्यंतच करता येतो. १९ किलोच्या पाच टाक्या म्हणजे ९५ किलो. सहावी आणली की मर्यादा ओलांडली. जास्त लागत असल्यास टप्प्याटप्प्याने मागवाव्यात.

गॅसचा वास आल्यास बटणाला हात लावू नये. आधी सर्वांना बाहेर न्यावे आणि बाहेरूनच १९०६ या क्रमांकावर कळवावे. पंगत तासभर लांबली तरी चालेल.